लाल गाडीचे ब्रेक

३ डिसेंबर

ही डायरी सूनबाईने, वर्षाराणीने दिली. "मामाजी, रोज दोन ओळी लिहत जा," म्हणाली. कशासाठी ते सांगितले नाही. मी हो म्हटले. आजकाल कोणी काही म्हटले की मी हो म्हणतो.

एस.टी.त ड्रायव्हर होतो तेव्हा ड्युटी संपली की डेपोत लिहून द्यावे लागे. गाडी कशी होती, ब्रेक कसा होता, काही आवाज होता का. तसेच लिहीन.

पवन गेला त्यानंतर पोळा झाला, दिवाळी झाली, सोयाबीन निघाले. तूर आता शेंगांवर आहे. पवन माझा मुलगा, पुण्यात नोकरीला होता. ऑफिसच्या पायऱ्या चढताना खाली बसला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. एवढे लिहिले तरी हात थांबला नाही. दुसऱ्याच कोणाबद्दल लिहितो आहे असे वाटते.

वर्षाराणी काल आली. पवनची लाल गाडी तिने एकटीने पुण्याहून आमच्या गावापर्यंत, रिठदपर्यंत चालवत आणली. दोन दारांची, बुटकी, जमिनीला टेकेल अशी. गल्लीत वळली तेव्हाच मी आवाज ओळखला. ब्रेक मारला की लोखंड लोखंडावर घासते तो आवाज. लायनर संपले की बस असाच आवाज करते.

सूनबाई संक्रांतीच्या आधी परत जाणार आहे. नोकरी आहे. जाणारही याच गाडीने.

४ डिसेंबर

सकाळी गाडीजवळ उभा होतो. चाकाच्या आऱ्यांमधून आतली डिस्क दिसते. तिच्यावर गोल रेघा पडल्या आहेत. वर्षाराणी चहा घेऊन आली.

"मामाजी, ब्रेकपॅड टाका लागतीन. कोनते टाकू?"

"मले काय समजते याच्यातलं? मी बसवाला मानूस. आमचा ड्रम, आमचं हवेचं ब्रेक."

"ब्रेक तर ब्रेकच असते न."

"पवन तुले काही सांगे नसंन काय याच्याबद्दल?"

"मले नाई आठवत," ती म्हणाली.

कम्प्युटरवर दिवसभर काम करणारी पोरगी, आणि आठवत नाही. पण तिचेही डोके जागेवर नसेल. मी म्हटले, पाहतो.

माझी बायको रुख्मिणी गाडी आल्यापासून अंगणात येत नाही. मागच्या दाराने ये-जा करते.

७ डिसेंबर

शेतात गेलो. विहिरीच्या जाळीला कुलूप आहे. घरी येऊन रुख्मिणीला विचारले. म्हणाली, "जनावर पडते." आपल्याकडे आता जनावर कुठे आहे? किल्ली मागितली तर म्हणाली सापडत नाही. जाऊ द्या. मला तरी काय काम होते तिथे. नुसता बसतो.

८ डिसेंबर

वाशिमला रवीच्या गॅरेजवर गेलो. वर्षाराणीने गाडी अगदी हळू चालवली, गिअरवर रोखत नेली. मी बाजूला. पाय नेहमीसारखा खाली दाबला जात होता, पण तिथे पॅडल नव्हते.

रवी चाळिशीचा आहे. पूर्वी पवनच्या वर्गात होता, दोघे सायकली खोलत बसायचे. त्याने पुढचे चाक काढले, पॅड काढून माझ्या हातावर ठेवला. घासणारा मसाला सगळा गेला होता, मागची पत्री राहिली होती.

"काका, डिस्क अजून चांगली हाय. जाडी भरते. थोडी घासून घेतली तर चालते. पॅड कोनता, ते तुमी ठरवा."

मी विचारले, किती प्रकारचे असतात. तो सांगत राहिला. एक मऊ, आवाज न करणारा, डिस्कला जपणारा, पण घाटात लागोपाठ दाबला तर दम सोडणारा. एक धातूची भुकटी मिसळलेला, चांगला धरतो, काळी धूळ फार सोडतो, कधी कधी किंचाळतो. एक सिरॅमिक, स्वच्छ आणि शांत, जास्त दिवस टिकणारा. आणि एक शर्यतीचा.

"तो सगळ्यात चांगला का?" मी विचारले.

"ते काय करता त्याच्यावर हाय," रवी म्हणाला.

निघताना तो वर्षाराणीला म्हणाला, "ताई, तुमी फोनवर सांगितलं व्हतं, तस्सच निघालं." ती माझ्याकडे पाहून गाडीत बसली. ती त्याच्याशी कधी बोलली? रवीची कोणाशी तरी गल्लत झाली असेल.

१० डिसेंबर

दुपारभर मोबाईलवर पॅडबद्दल वाचत होतो. वर्षाराणीने कसे शोधायचे ते दाखवले. पॅडच्या मागे अक्षरे असतात, थंड असताना किती धरतो आणि गरम असताना किती, ते त्यावरून कळते. आम्हाला एवढे कोणी कधी सांगितले नाही. डेपोत जे लायनर येत ते लागत.

रुख्मिणी दारात उभी राहून बघत होती. मी मान वर केली तशी आत गेली.

११ डिसेंबर

डिकीत स्टेपनीखाली एक डबा सापडला. आत नवे पॅड, पुढच्या दोन चाकांचे चार, म्हणजे दोन जोड्या. कागदही फाडलेला नाही. पवनने आणून ठेवले होते.

वर्षाराणीला दाखवले. तिने डब्यावरची अक्षरे वाचली.

"हे ट्रॅकचे हायत मामाजी. तो जानार होता, गाड्या पळवतात तिथं. नाव दिलं होतं."

"मंग हेच टाकू."

"गरम झाल्याबिगर धरत नाहीत हे. रोडसाठी नाहीत."

"पवननं आनले म्हंजे विचार करूनच आनले असतीन न."

तिने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाली, "तुमी म्हनाल तसं."

मी तर काही म्हणत नव्हतो. पण आता ठरले. डबा जड होता. त्याने उचलून ठेवला असेल तेव्हा त्यालाही जड लागला असेल.

१५ डिसेंबर

रवीने पॅड बसवले. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. "काका, थंडीचे दिवस हायत," एवढेच म्हणाला. ब्रेक ऑइल बदलले, पिनांना ग्रीस लावले. घासल्याचा आवाज गेला. घरी येईपर्यंत ठीक होते.

लोक विचारतात, कसे आहात. मी म्हणतो, बरा आहे. अंगावर जाड गोधडी घेऊन बसल्यासारखे सगळे लांबून ऐकू येते. त्यात खोटे काही नाही. बराच आहे.

१६ डिसेंबर

सकाळी धुके होते. वर्षाराणी म्हणाली, रिसोडकडे एक चक्कर मारून पाहू. गाडी रात्रभर अंगणात उभी, काचांवर दव. मी बाजूला बसलो. रोड मोकळा होता, तिने थोडा वेग घेतला.

पुलाच्या अलीकडे बकऱ्यांचा कळप रोडवर आला. मागे एक म्हातारी, हातात काठी. वर्षाराणीने ब्रेक दाबला. मला दिसले, पाय पूर्ण खाली गेला. गाडीचा वेग कमी झालाच नाही, म्हणजे झाला, पण जसा व्हायला हवा तसा नाही. लाकडाच्या ठोकळ्याने चाक दाबावे तशी नुसती घसटत राहिली. तिने पुन्हा दाबला. मग स्टेअरिंग वळवले आणि गाडी कडेच्या मऊ मातीत, तुरीच्या धुऱ्यात, शेताच्या बांधात, जाऊन थांबली. बकऱ्या पुढे निघून गेल्या. म्हातारीने शिव्या दिल्या आणि तीही गेली.

कोणाला काही लागले नाही. वर्षाराणीचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसली होती. माझे हात मांडीवर होते, जसे होते तसेच.

इथे खरे लिहितो, कारण ही डायरी कोणी वाचणार नाही. गाडी सरकत होती तेव्हा मनात आले, नाही थांबली तरी चालेल. भीती नव्हती. चहा नको म्हणावे तितक्या सहज आले. मग लक्षात आले की गाडीत ती पण आहे.

हे लक्षात यायला वेळ लागला. गाडी थांबल्यावर आले.

१७ डिसेंबर

तिला म्हटले, "वर्षा, ते पॅड काढून टाकू."

"तुमची इच्छा होती न."

"माही इच्छा काय करते? पॅड चांगले हायत. मस्त पळवून गरम केले तर भिंतीसारखे धरतीन. पन तू तर सकाळी थंडी गाडी काढशीन. चौकात कोनी आडवा येईन, गाय बसली असंन. पहिल्याच दाबात थांबली पाह्यजे."

इतके मी सलग बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. माझे मलाच जाणवले. ती म्हणाली, "मंग कोनते टाकू?"

"पाहतो म्हनलं न."

संध्याकाळी रुख्मिणी म्हणाली, "आज तुमचा आवाज सयपाकघरापर्यंत आला." ती रागावली असे वाटले, पण चेहरा रागाचा नव्हता.

१९ डिसेंबर

रवीला फोन केला. मग पुन्हा केला. मग नागपूरच्या एका दुकानदाराला, नंबर रवीने दिला. मी विचारले: तिला पुण्याला जायचे आहे, घाट फारसा नाही, पण शहरात रोज ब्रेक. एकदम थंडीत धरेल असा पाहिजे. मऊवाला घेतला तर हायवेवर जोरात लागोपाठ दाबल्यावर दम सोडेल. धातूवाला घेतला तर डिस्क खाईल, आणि डिस्क बाहेरच्या देशातून मागवावी लागेल.

दुकानदार म्हणाला, "साहेब, गाडी शर्यतीची दिसते, चांगलं महागातलं घ्या."

मी म्हटले, "गाडी शर्यतीची हाय, चालवणारी रोडवर चालवते. महाग-सस्त्याचं सोडा. पहिल्या दाबाले किती धरते ते सांगा."

त्याला सांगता आले नाही. म्हणाला पाहून सांगतो. मी फोन ठेवून दिला. दुसऱ्याला केला.

२० डिसेंबर

काही नाही. झोपून होतो. रुख्मिणीने उठवले नाही.

२२ डिसेंबर

ठरले. सिरॅमिक, रोडचे, पण थोडे कडक मिश्रणाचे. पुढे आणि मागे एकाच कंपनीचे, म्हणजे चारही चाके एकसारखी बोलतील. पुढे एक धरतो आणि मागे दुसराच, असे झाले की ओल्या रोडवर गाडी नाचते, हे बसनेही मला शिकवले होते. पवनच्या पॅडच्या मानाने हे साधे आहेत. त्यांच्यावर लाल अक्षरे नाहीत, काही नाही. करड्या रंगाचे.

रवी म्हणाला, "काका, मी असतो तर हेच टाकले असते." मी विचारले, मग आधी काहून नाही सांगितले? तो हसला. "तुमी विचारलं नाई."

२७ डिसेंबर

पार्सल आले. रवीने जुने काढले, डिस्क घासून साफ केली, नवे घातले. काढलेले पॅड मी परत त्यांच्या डब्यात ठेवले. कडा किंचित काळ्या झाल्या होत्या, बाकी नवेच. घरी आल्यावर ओट्यावर डबा ठेवला. रुख्मिणी मागच्या दाराने न जाता पुढे आली, डबा उचलला, पदराने पुसला आणि आतल्या खोलीत नेला. कुठे ठेवला विचारले नाही.

२९ डिसेंबर

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. त्याची रीत आहे. वेग घ्यायचा, मग दाबून बराच कमी करायचा, पण पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा वेग, पुन्हा दाब. गरम पॅड थांबलेल्या डिस्कला चिकटला तर तिथे डाग पडतो आणि पुढे पाय हादरतो. असे पुष्कळदा करायचे आणि नंतर ब्रेक न लावता गाडी थंड होईपर्यंत चालवायची.

दुपारी रोड मोकळा असतो. आम्ही वाशिमच्या दिशेने गेलो. मी मागे पाहत होतो, कोणी येत नाही ना. "दाब," म्हणायचो. ती दाबायची. मान पुढे जायची. "सोड." ती सोडायची. "घे." गाडी उडी मारायची. जळका वास आला. तो यायलाच पाहिजे.

तिचा पाय चांगला आहे. पॅडलवर आदळत नाही. आधी अलगद टेकवते, मग वजन घालते. हे शिकवून येत नाही. नव्या ड्रायव्हरला सांगून सांगून तोंड दुखायचे.

थंड करायला हळूहळू चालवत होतो तेव्हा विचारले, "गाडी इकून काहून नाई टाकत? तुले एकटीले कायले पाह्यजे असली गाडी?"

"मले चालवाले आवडते मामाजी."

"पवनची हौस होती."

"पवनले खोलाले आवडे. पान्हे घेऊन खाली झोपे दिवसभर. चालवत मीच होती. ट्रॅकवर नाव मीच दिलं होतं, त्यानं नाई. तो नुसता टायर पाहनार होता."

मला कोणी सांगितले नव्हते. मी म्हटले, "मंग पॅडचं तुले सगळंच माहीत असंन."

ती समोर पाहत होती. "थोडंफार," म्हणाली.

ट्रॅकवर जाणारी ती होती. तिने मला हे आधी सांगितले असते तर एवढे फोन करावे लागले नसते. पण तेव्हा तिच्या लक्षात आले नसेल.

२ जानेवारी

तिचा भाऊ कारंज्याहून आला होता. म्हणतो, ताईला घेऊन जातो, पुण्याला एकटी काय करेल. ती म्हणाली, "मी नोकरी करीन." त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "तिची गाडी तयार हाय." तो एकटाच परत गेला.

५ जानेवारी

वर्षा सकाळी गेली. धुकं होतं, मी म्हनलं थांब थोडी, ऊन पडू दे. थांबली. रुख्मिणीनं जेवनाचा डबा देल्ला, खिडकीतून तिच्या गालावर हात फिरवला. मी चारी चाकं पायली, हवा पायली, आन म्हनलं, जाय.

लोणारच्या पुढं गेल्यावर फोन आला. "मामाजी," म्हने, आन पुढं काहीच नाई.

"काय झालं?"

"कापसाची ट्रॉली. शेतातून एकदम रोडवर आली. त्यानं पायलंच नाई माह्याकडं."

"लागली काय?"

"नाई. थांबली गाडी. जागेवर थांबली. हातभर राह्यलं असंन मधात."

"तुले?"

"मले काही नाई. हात थरथरून राह्यले नुसते."

"गाडी बाजूले घे. लाईट लाव. खाली उतर, पानी पे. थरथरते तोवर स्टेअरिंगले हात लावू नोको."

"फोन ठेवू नका."

"नाई ठेवत."

तिनं पानी पेलं, ते आयकू आलं. मागून ट्रॉलीवाला काही बोलून राह्यला होता, माफी मांगत असंन. ती त्याले म्हने, जा भाऊ, पाहून चालवत जा. मंग माह्यासंग बोलली, काहीबाही, डब्यात काय दिलं आईनं, कापूस किती भरला होता. आवाज जाग्यावर आला. म्हने, निंगते आता.

फोन ठेवला आन मी अंगनात खालीच बसलो. हात पाहतो त माहे हात थरथरून राह्यले. रुख्मिणी धावत आली.

"काय झालं हो? बोला न!"

"काही नाई. थांबली गाडी. चांगली हाय ती."

"मंग रडता काहून?"

मले मालूम नव्हतं मी रडून राह्यलो म्हनून. गालाले हात लावला त ओला. मी म्हनलं, "मले भेव लागलं वं." तिनं माह्या बाजूले बसून माहा हात धरला. धुरळ्यातच बसली, लुगडं पायलं नाई.

लय भेव लागलं. पवनच्या टायमाले फोन आला तवा सारं होऊन गेलं होतं. भ्यायले काही उरलंच नव्हतं, नुसतं आयकाचं होतं. आज ती तिकडं रोडवर होती आन जित्ती होती, आन मी तिच्यासाठी भेलो. दोघं बसून रडलो. शेजारचे पाहून गेले. पवन पवन म्हनून रडलो. रुख्मिणी मले म्हने, रडा, मी हाय.

दिवस बुडता फोन आला. "पोचली."

मी म्हनलं, "उद्या फोन कर."

"कायले मामाजी? काही पाह्यजे काय?"

"नाई. असाच. परवा पन कर."